तो बसला, म्हणून आम्ही थांबलो

(1990 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे. मधली थट्टामस्करी तेवढी वगळली आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू फौजेवर बोल, पण पंधरा मिनिटांतच." पंधरा मिनिटांत फौज सांगून होत नाही. म्हणून मी एकच दिवस सांगणार आहे. गावात कुठंही गेलो की लोक विचारतात, "शत्रू पाहिलास का?" मी चोवीस वर्षं नोकरी केली. त्यात मला सगळ्यात जास्त भीती ज्या दिवशी वाटली, त्या दिवशी समोर शत्रू नव्हता आणि एकही गोळी सुटली नव्हती. बर्फ होता, आम्ही सात माणसं होतो आणि एक कुत्रा होता.

आता बर्फ म्हटलं की आपल्या परतूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं काय येतं? रसवंती! भुशात आणि पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, आणि ती फोडताना उडालेला तुकडा झेलायला उभी असलेली आपण पोरं. आपण दुसरीत असताना, 1981 ला, परतूर परभणी जिल्ह्यातून जालना जिल्ह्यात आलं. जिल्हा बदलला पण ऊन तेच राहिलं. मे महिन्यात मीटरगेजच्या रुळावर अनवाणी चालायची पैज आपण लावायचो, हे इथल्या किमान चौघांना आठवत असेल. अशा गावातला मी. भूगोलाच्या बाई हिमालय शिकवायच्या तेव्हा मला तो नकाशातला तपकिरी रंग वाटायचा.

1993 ला भरती झालो. पुढची दहा-अकरा वर्षं राजस्थान, पंजाब, ईशान्येकडं अशी फिरण्यात गेली. 2004 मध्ये आमची पलटण उत्तर काश्मीरमध्ये ताबारेषेवर गेली. मी तेव्हा हवालदार होतो. चौकीचं नाव सांगत नाही, निवृत्त झालो तरी ती सवय जात नाही. साधारण अकरा हजार फुटांवरची चौकी, एवढं पुरे. 2003 च्या नोव्हेंबरपासून ताबारेषेवर शस्त्रसंधी होती, त्यामुळं गोळीबार थांबला होता. आम्हाला वाटलं, बरं झालं, आराम आहे. जुनी माणसं म्हणाली, "थांब, अजून डिसेंबर यायचाय."

काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' म्हणतात. म्हणजे मोठी थंडी. त्यानंतर वीस दिवसांची 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवसांची 'चिल्लई बच्चा'. आपल्याकडं मृगाची, आर्द्राची नावं असतात ना, तशीच त्यांची ही थंडीची नक्षत्रं. खिंडी बंद झाल्या की खालचा रस्ता संपतो. पीठ, डाळ, रॉकेल, औषध, सगळं दिवाळीच्या आधीच वर चढवून ठेवायचं. पुढचे चार-पाच महिने जे आहे त्यात भागवायचं. पाणी म्हणजे बर्फ वितळवून. एक बादली पाण्यासाठी किती बर्फ लागतो ते पहिल्यांदा कळलं, तेव्हा मला आपल्या हापशावरच्या रांगेची आठवण झाली. तिथं रांग तरी पाण्यापाशी संपायची.

आणि तिथंच मी आयुष्यात पहिल्यांदा स्नो-शू पाहिला. आता स्नो-शू म्हणजे काय, ते सांगतो. बूट नव्हे. बुटाखाली बांधायची चौकट. लांबट, हातभर लांब, वीतभर रुंद. चौकटीत जाड पट्ट्या ताणलेल्या आणि खाली बर्फ पकडायला दाते. आपल्या भाषेत सांगायचं तर, दोन्ही पायांना एकेक सूप बांधायचं आणि चालायचं. पहिल्या दिवशी मी चार पावलं टाकली, उजव्या सुपावर डावं सूप पडलं आणि मी तोंडावर आपटलो. उठता येईना. हात टेकवायला गेलो तर हात खांद्यापर्यंत आत. पोरं हसून हसून बेजार.

रात्री बुखारीपाशी बसलो असताना मला विज्ञानाच्या सरांची आठवण झाली. सर आज इथं बसले आहेत. सर, नववीत तुम्ही मला दाबाची व्याख्या विचारली होती आणि मला आली नव्हती. तास संपेपर्यंत उभा केला होता. आज सांगतो. एकक क्षेत्रफळावर लंब दिशेनं पडणारं बल म्हणजे दाब. (टाळ्या कशाला वाजवता, तेहतीस वर्षं उशीर झालाय.)

पण सर, ती व्याख्या मला पायांनी समजली. माणूस पासष्ट किलोचा, पाठीवर वीस किलो ओझं. सगळं वजन एका बुटाच्या तळव्यावर आलं की ताज्या बर्फात पाय मांडीपर्यंत जातो. तेच वजन चार-पाचपट मोठ्या सुपावर पसरलं की दाब चौथा-पाचवा हिस्सा होतो आणि पाय घोट्याच्या थोडा वर जाऊन थांबतो. ज्या वाटेला बुटांनी दिवस लागला असता ती चार तासांत होते.

मग चालायची रीत शिकलो. पाय थोडे फाकवून टाकायचे. एकामागे एक चालायचं. पुढचा माणूस वाट पाडतो, म्हणजे कोरा बर्फ दाबतो, त्याचा जीव सगळ्यात जास्त दमतो. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी तो बाजूला होतो, मागच्यांना पुढं जाऊ देतो आणि स्वतः शेपटीला लागतो. कितीही तगडा असला तरी. पहिल्या आठवड्यात मी पुढून हटायचो नाही, मर्दुमकी दाखवायची होती ना! सुभेदार साहेबांनी बाजूला घेऊन सांगितलं, "घाम आला की समज मेलास. थांबल्यावर तोच घाम अंगावर गोठतो." तेव्हापासून सावकाश चालायला शिकलो. इतकं सावकाश की घाम येऊ नये आणि इतकं भरभर की बोटं गोठू नयेत.

आता कुत्र्याकडं येतो.

उन्हाळ्यात गुज्जर-बकरवाल लोक मेंढ्या, घोडे घेऊन वरच्या कुरणांत येतात आणि थंडीआधी खाली जम्मूकडं उतरतात. त्यांचे राखणीचे कुत्रे फार मोठे, केसाळ. त्यातलंच एक पिल्लू कधीतरी मागं राहिलं आणि चौकीवर वाढलं. आम्ही पोचलो तेव्हा तो चांगला दोन-तीन वर्षांचा होता. काळा, छातीवर पांढरा डाग, वजन पस्तीस किलो तरी असेल. आधीची पलटण त्याला शेरा म्हणायची. आमच्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव खंड्या ठेवलं. त्याची काही तक्रार नव्हती. शेरा म्हटलं तरी यायचा, खंड्या म्हटलं तरी यायचा, पोळीचा वास आला तर न बोलावता यायचा.

गस्तीला निघालो की तो निघायचा. कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याच्या पंजांना काही सूप नाही, म्हणून कोऱ्या बर्फात तो पोटापर्यंत रुतायचा. पण हुशार इतका की आमची रांग वाट दाबत गेली की तो सगळ्यात शेवटी, दाबलेल्या वाटेवरून ऐटीत चालायचा. बोटांच्या फटीत बर्फाचे गोळे धरायचे, मग तो बसून ते चावून काढायचा. आम्ही निघताना त्याच्या पंजांना तूप चोळायचो, म्हणजे गोळे कमी धरतात. फौजेचं तूप कुत्र्याच्या पायाला, असं म्हणून आमचा स्वयंपाकी रोज चिडायचा आणि रोज वाटी भरून द्यायचा.

फेब्रुवारी 2005 चा पहिला आठवडा होता. चार दिवस सलग बर्फ पडला. पाचव्या दिवशी उघडलं. आमच्यापासून चार तासांवर एक छोटी चौकी होती, आठ-दहा माणसांची. तिथून वायरलेस आला की एका पोराला ताप आहे, छाती भरली आहे, श्वास लागतोय. त्यांच्याकडची औषधं संपत आली होती. दरीत ढग बसलेले, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. आमच्याकडं औषध होतं आणि नर्सिंग असिस्टंटही होता.

नियम असा की मोठा बर्फ पडून गेल्यावर दोन दिवस तरी उताराला जायचं नाही. नवा बर्फ जुन्यावर बसायला वेळ लागतो. बसला नाही तर थर सुटतो आणि अख्खा उतार खाली येतो. सुभेदार साहेब म्हणाले, "उद्याचा दिवस थांबू." मी त्यांना गळ घातली. म्हणालो, तो पोरगा वीस वर्षांचा आहे, उद्यापर्यंत काय होईल सांगता येत नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे, पहाटे निघा. पण वाटेत निर्णय तुझा." ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. घाई माझी होती, दुसऱ्या कोणाची नव्हती.

सहाव्या दिवशी पहाटे पाचला निघालो. मी धरून सहा जवान, एक स्थानिक पोर्टर, त्याला आम्ही चाचा म्हणायचो, आणि खंड्या. ऊन चढायच्या आत धोक्याचे उतार पार करायचे असतात. चांदण्यात बर्फ निळा दिसतो. आवाज फक्त स्नो-शूचा, चरक, चरक. कोणी बोलत नाही. मला कीर्तनाहून परतताना रात्री कापसाच्या रानातून चालत यायचो ते आठवलं. तसंच पांढरं दिसायचं, बोंडं फुटलेली असली की.

साडेसातच्या सुमारास एका नाल्यापाशी आलो. नाला म्हणजे आपल्या दुधनेला मिळतो तसला ओढा नव्हे. डोंगराच्या माथ्यापासून खाली दरीपर्यंत उतरलेली उभी घळ. हिवाळ्यात तिथं पाणी नसतं, बर्फ भरलेला असतो आणि सुटला तर तिथूनच सुटतो. रुंदी आपल्या शाळेच्या मैदानाएवढी. सरळ ओलांडला तर दहा मिनिटं. नाही तर मागं फिरून धारेवर चढायचं आणि वरून वळसा घालायचा. त्याला तीन तास जास्त.

ओलांडायची रीत ठरलेली आहे. पिशवीचे, काठीचे पट्टे सैल करायचे, म्हणजे वेळ आली तर ओझं टाकता येतं. कमरेला लाल दोरी बांधून मागं सोडायची, म्हणजे माणूस गाडला गेला तरी दोरीचं टोक वर दिसावं. आणि एका वेळी एकानंच जायचं, पलीकडे पोचला की दुसरा. पण खरं सांगतो, त्या दिवशी मी मनात ठरवलं होतं की एकेक करत बसलो तर सातजणांना तास-दीड तास लागेल, ऊन येईल. तेव्हा दहा-दहा पावलांचं अंतर ठेवून सगळ्यांनी सलग निघायचं. मी तशी खूणही केली. मी पुढं, माझ्या मागं नर्सिंग असिस्टंट, मग बाकीचे.

आणि खंड्या बसला.

नाल्याच्या काठावर, रांगेच्या शेवटी, बसून राहिला. चाचा त्याच्या पुढं होता. त्यानं शीळ घातली. तो उठेना. पोरांना वाटलं, पायात गोळे धरले असतील. एकजण मागं गेला, पंजे उचलून पाहिले. साफ होते. दुसऱ्यानं खिशातली शंकरपाळी दाखवली. तो बघेचना. तो भुंकत नव्हता, कण्हत नव्हता, कान मागं टाकून वर डोंगराकडं बघत होता. असं करत करत माझ्या मागचे सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. मी एकटाच उतारावर पंधरा-वीस पावलं आत गेलो होतो. मागं वळून पाहतो तर माझ्यामागं कोणीच नाही.

मला राग आला. तिकडं पोरगा श्वास मोजतोय आणि इथं हे कुत्र्याला शंकरपाळी भरवतायत! ओरडायला तोंड उघडलं, पण उतारावर ओरडायचं नसतं हे आठवलं. म्हणून हातानं खूण करायला वळलो आणि पाय टेकला.

खालून आवाज आला. 'धप्प.' कसा सांगू? धान्याचं पोतं दुसऱ्या खोलीत टाकल्यासारखा. पायाखालचा बर्फ बोटभर खचला. आणि माझ्या पुढं, दोन हातांवर, सुरीनं कापावी तशी एक चीर वर-वर पळत गेली. आवाज न करता.

मित्रांनो, त्या चिरेकडं मी किती वेळ बघत होतो ते मला ठाऊक नाही. फौजेत शिकवलेलं सगळं डोक्यात होतं. पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलं तर बहुतेक माणसं वाचतात, अर्धा तास उलटला तर तिघांतला एखादा, हे मला पाठ होतं. पण त्या क्षणी मनात काय आलं सांगू? आईनं दिवाळीला पाठवलेली शाल मी अजून अंगावर घेतली नव्हती, हे आलं. बस्स, एवढंच.

मग मी एक पाऊल मागं टाकलं. माझ्याच ठशात. मग दुसरं. वळलो नाही, पाठीमागंच सरकत राहिलो. स्नो-शू घालून मागं चालणं किती अवघड असतं ते करून पाहिल्याशिवाय कळणार नाही, मागची बाजू बर्फात रुतते. चाचा काठावरून हलक्या आवाजात सांगत होता, "आहिस्ता, हवलदार साहब, आहिस्ता." पंधरा-वीस पावलांना पाच मिनिटं लागली असतील. शेवटी कोणीतरी माझी पिशवी धरून मला ओढून घेतलं.

खंड्या उठला, अंग झटकलं आणि आल्या वाटेनं चालू लागला.

आम्ही धारेवरून गेलो. वर वाऱ्यानं बर्फ दगडासारखा टणक केलेला, तिथं स्नो-शू काढून पाठीला लावले. तीन तासांचे साडेतीन झाले. दुपारी त्या चौकीवर पोचलो. पोराला औषध, सुई मिळाली. चार दिवसांनी तो उठून बसला. पुढं त्याचं लग्न झालं, लेकरं आहेत, दर दसऱ्याला फोन येतो.

आम्ही तिथं दोन रात्री राहिलो. दुसऱ्या रात्री लांबून गडगड ऐकू आली. परतताना धारेवरून खाली पाहिलं तर नाला ओळखू येईना. उतार मोकळा झाला होता आणि तळाशी घराएवढे बर्फाचे ढेकूळ, त्यात मोडलेली देवदारं काड्यांसारखी. आमचे पहिले ठसे जिथं होते ती जागाच नव्हती.

आता इथं मला एक कबूल करायचं आहे. ही गोष्ट मी पलटणीत सांगितली की पोरं म्हणायची, "खंड्याला कळलं होतं. मुक्या जनावराला कळतं." असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. नाला त्या क्षणी सुटला नव्हता, दोन दिवसांनी सुटला. कदाचित कुत्र्याला पायाखालचा आवाज आमच्या आधी जाणवला असेल. कदाचित त्याला कुरणातल्या कुठल्या जुन्या अपघाताची आठवण असेल. कदाचित त्याला नुसता कंटाळाही आला असेल. ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट सांगू शकतो. तो बसला म्हणून मागचे थांबले. ते थांबले म्हणून उतारावर सातजणांचं वजन न येता एकाचंच आलं. सात जण त्या चिरेच्या आसपास असते, तर आज मी तुमच्यासमोर दाबाची व्याख्या सांगायला उभा राहिलो नसतो. कुत्र्याला काय कळलं ते सोडा. त्याच्यासाठी थांबणारी पोरं होती, म्हणून आम्ही वाचलो. मी मात्र थांबणार नव्हतो.

त्याच महिन्याच्या उत्तरार्धात काश्मीरवर असा बर्फ पडला की आम्ही बंकरमधून वर बोगदा खणून बाहेर यायचो. ताबारेषेवरचं कुंपण कुठं आहे ते दिसेना. दक्षिण काश्मीरमधलं वाल्टेंगू नार नावाचं गाव त्यात हिमस्खलनाखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. आम्ही ते वायरलेसवर ऐकलं. चाचा त्या रात्री जेवला नाही.

पुढं आमची पलटण तिथून उतरली. नव्या पलटणीला चार्ज द्यायचा होता. चार्ज म्हणजे वहीत एकेक वस्तू लिहिलेली असते, ती मोजून द्यायची आणि सह्या घ्यायच्या. बुखारी इतक्या, जेरीकॅन इतके, स्नो-शू इतके जोड, दोरी इतकी, फावडी इतकी. सगळं जुळलं. सही झाली. खंड्या दारात बसला होता आणि तो वहीत कुठंच नव्हता. त्याला नेता येत नव्हतं. तो आमचा नव्हता, चौकीचा होता. मी नव्या हवालदाराला म्हणालो, "एक गोष्ट वहीत नाही. हा वाटेत बसला तर थांबा." तो हसला. मला वाईट वाटलं नाही. त्याच्या जागी मीही हसलोच असतो.

खंड्या आमच्याबरोबर पहिल्या वळणापर्यंत आला. तिथं बसला. आम्ही थांबलो, कारण आता ती सवयच झाली होती. पण तो उठेना. मग आम्हीच निघालो. कोणी मागं वळून पाहिलं, कोणी नाही पाहिलं. स्वयंपाकी पाहत होता, एवढं मला ठाऊक आहे.

तीन-चार वर्षांनी रेल्वेत एक जवान भेटला, दुसऱ्या रेजिमेंटचा. बोलता बोलता कळलं की तो त्याच भागात होता. म्हणाला, "एक चौकी पर टायगर नाम का कुत्ता था, बडा काला." मी विचारलं, छातीवर पांढरा डाग होता का? तो म्हणाला, आठवत नाही. तेवढ्यात त्याचं स्टेशन आलं.

फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनला साडेएकोणीस हजार फुटांवरच्या चौकीवर हिमस्खलन झालं तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टीव्ही पाहिला असेल. लान्स नायक हनमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले आणि नंतर दिल्लीच्या रुग्णालयात गेले. त्या शोधात फौजेचे शिकवलेले कुत्रे होते, डॉट आणि मिशा. मी टीव्हीपुढं बसून खंड्याला आठवत होतो. पुढच्याच वर्षी, जानेवारी 2017 मध्ये, गुरेझला हिमस्खलनात आपले जवान गेले. त्यात परभणी, बीड, अकोल्याची पोरं होती. माझ्या निवृत्तीला तेव्हा महिना राहिला होता. ज्यांच्या गावातून कधी दंवापलीकडं थंडी पाहिली नाही, ती ही पोरं. आज पहाटे आपल्या स्टेशन रोडनं भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात ना, ती दिसली की त्यांना नुसतं 'शाब्बास' म्हणू नका. एखादा पेला दूध पाजा.

आता शेवटचं बोलतो आणि बसतो.

मघाशी आपण आपल्यातून गेलेल्या मित्रांसाठी दोन मिनिटं उभे राहिलो. त्यातला एक मित्र असा होता की तो माझ्या बाकावर बसायचा. नाव घेत नाही, घेण्याची गरज नाही. त्याच्या शेवटच्या वर्षात त्यानं आपल्या ग्रुपवर लिहिणं बंद केलं होतं. आधी रोज सकाळी त्याचा 'राम कृष्ण हरी' यायचा. तो यायचा बंद झाला. मला ते लक्षात आलं होतं. मी मनात म्हणालो, कामात असेल, सोयाबीनचे दिवस आहेत. दुसऱ्यांनाही लक्षात आलं असेल, ते तसंच काहीतरी म्हणाले असतील. आपण सगळे पुढं चालत राहिलो. तो रांगेच्या शेवटी बसला होता आणि मागं जाऊन त्याचे पाय कोणी उचलून पाहिले नाहीत. मी तर नाहीच. आणि हे मला नाल्यावरून परत आल्यानंतर, सगळं शिकून झाल्यानंतर झालं. त्यामुळं मी कोणाला शिकवायला उभा नाही.

फक्त एक विनंती आहे. आज आपण एकशेचार जणांपैकी एकसष्ट आलो आहोत. जे आले नाहीत त्यांची यादी संयोजकांकडं आहे. मी ती मागून घेतली आहे आणि तिचे छोटे कागद करून आणले आहेत. जेवणाच्या पंगतीत मी फिरेन. प्रत्येकानं एकेक कागद घ्यायचा आणि या आठवड्यात त्या माणसाला फोन करायचा. तो म्हणेल, काही नाही रे, कामात होतो. ठीक आहे. खरंच कामात असेल. पंजे साफ असतील तर आनंदच आहे. पण बघून या.

सर, व्याख्या बरोबर आली असेल तर आता बसू का?

जय हिंद, जय महाराष्ट्र.